पिवळा दिवा काय सांगतो?

प्रस्तावना

वाचन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक उभे राहते. परंतु माणूस पुस्तकाखेरीजही पुष्कळ काही वाचत असतो. शेतकरी आभाळ वाचतो, वैद्य नाडी वाचतो, कुंभार भट्टीतल्या जाळाचा रंग वाचतो. आजच्या मोटारगाड्या आपल्या प्रकृतीची तक्रार एका पिवळ्या दिव्याने आणि पाच चिन्हांच्या एका खुणेने सांगतात. ही खूण म्हणजे दोषसंकेत. गॅरेजच्या बोलीत तिला 'कोड' म्हणतात.

खूण दिसणे आणि खुणेचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये जे अंतर असते, ते विचाराने ओलांडावे लागते. ते ओलांडले नाही, तर कोणाचे पैसे वाया जातात, कोणाची मजुरी बुडते. प्रस्तुत पाठात लेखिकेने स्वतःच्या गाडीच्या एका बिघाडाच्या निमित्ताने ही गोष्ट सांगितली आहे. तुमच्यापैकी काही जण गॅरेजमध्ये काम करत असतील, काही जण वाहन चालवत असतील. त्यांना यातील माहिती थेट उपयोगी पडेल. इतरांना तक्रारीपासून कारणापर्यंत कसे जावे, याची रीत यातून समजेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• दोषसंकेतातील पाच चिन्हांचा अर्थ सांगता येईल;
• तक्रार, पुरावा आणि निष्कर्ष यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• एखाद्या तांत्रिक कामाची क्रमवार नोंद लिहिता येईल;
• क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ओळखून त्यांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. बदललेला सेन्सर, न बदललेली तक्रार

२०१६ सालचा पावसाळा नुकताच संपला होता. माझी पेट्रोलवर चालणारी मोटार सिग्नलपाशी थांबली की थरथरू लागे. पुढे चालू लागली की थरथर थांबे. काही दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

पुण्यातील एका गॅरेजमध्ये मी गाडी नेली. तेथील कारागिराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला हातात मावणारा स्कॅनर जोडला. पडद्यावर 'पी०१७१' अशी अक्षरे उमटली. त्यांचा अर्थ होता : मिश्रण फार विरळ. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, मॅडम," तो म्हणाला. सेन्सर बदलला गेला. बिल ५,२०० रुपये झाले. त्याने स्कॅनरने कोड पुसला आणि दिवा विझला. थरथर मात्र तशीच होती. 'नवीन सेन्सर रुळायला वेळ लागतो,' असे मला सांगण्यात आले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

तो कारागीर अप्रामाणिक होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याने खूण वाचली आणि लगेच निकाल दिला. मधली पायरी त्याच्या हातून राहून गेली. ती पायरी कोणती, हे कळण्यासाठी या दिव्याचा जन्म कशासाठी झाला, हे आधी पाहिले पाहिजे.

२. दिवा आला कोठून?

कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत, धुराचा रंग पाहत, प्लगवरची काजळी निरखत आणि त्यावरून दोष ताडत. पुढे पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे ठरवण्याचे काम एका लहानशा संगणकाकडे गेले. गॅरेजमध्ये त्याला 'ईसीएम' म्हणतात. तापमान, हवेचे प्रमाण, इंजिनाचे फेरे, धुरात उरलेला ऑक्सिजन अशी माहिती त्याला सेन्सर सतत पुरवत असतात.

ही माहिती अपेक्षेबाहेर गेली तर चालकाला कळवावे, ही कल्पना दुरुस्तीच्या सोयीतून नव्हे, तर हवेच्या चिंतेतून पुढे आली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके दाटत असे. गाड्यांच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. धूर स्वच्छ करणारी साधने गाडीत बसवली गेली, तरी ती पुढे नीट चालतात की नाही हे कोण पाहणार? म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करणे सक्तीचे केले. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा निराळी होती. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच आकाराचे सोळा पिनांचे सॉकेट आणि समान संकेत आले. त्यामुळे ही भाषा एकेका कंपनीच्या वर्कशॉपपुरती उरली नाही. रस्त्याकडेच्या लहान गॅरेजलाही ती वाचता येऊ लागली.

आपल्या देशात भारत स्टेज चारच्या चारचाकी गाड्यांना या स्वयंतपासणीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम आले आणि ही तपासणी दुचाकींपर्यंत पोहोचली.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा : गाडीतील स्वयंतपासणीची सक्ती मुळात कशासाठी झाली?
(i) वेग वाढवण्यासाठी (ii) धुरावर लक्ष ठेवण्यासाठी (iii) पेट्रोलचे दर कमी करण्यासाठी
(आ) सेन्सर बदलल्यानंतरही दोष कायम होता, हे कोणत्या लक्षणावरून त्याच दिवशी कळण्यासारखे होते?
(इ) समान संकेत आल्यामुळे कोणाची सोय झाली?

३. पाच चिन्हांचे वाक्य

दोषसंकेत म्हणजे पाच चिन्हांचे छोटेसे वाक्यच होय. पहिले चिन्ह अक्षर असते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, 'बी' म्हणजे गाडीचा सांगाडा व आतील सोयी, 'सी' म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग यांसारखी चाकांशी निगडित यंत्रणा आणि 'यू' म्हणजे गाडीतील संगणकांचा आपापसातील संवाद. दुसरे चिन्ह '०' असेल, तर तो संकेत सर्व कंपन्यांना समान असतो. '१' असेल, तर तो सामान्यतः त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्या माहितीपुस्तकातच पाहावा लागतो.

तिसरे चिन्ह विभाग दाखवते. इंजिनाच्या समान संकेतांत १ आणि २ हे अंक हवा व इंधन यांचे प्रमाण दर्शवतात, ३ हा अंक ठिणगी व अपुरे ज्वलन, तर ४ हा अंक धूर शुद्ध करणारी यंत्रणा. शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात. म्हणून 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे आणि 'पी०४२०' म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे.

माझ्या गाडीचा 'पी०१७१' आता वाचून पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, तर हवा अधिक आणि पेट्रोल कमी पडते आहे, असे ऑक्सिजन सेन्सर कळवतो. संगणक पेट्रोल वाढवतो. ही वाढ मर्यादेपलीकडे गेली आणि तरीही मिश्रण सुधारले नाही, की तो 'मिश्रण विरळ' अशी नोंद करून दिवा लावतो. या वाक्यात कोठेही 'ऑक्सिजन सेन्सर बिघडला' असे म्हटलेले नाही. उलट, सेन्सरने आपले काम चोख केले होते. मिश्रण विरळ होण्याची कारणे अनेक असू शकतात : कोठून तरी हवा शिरत असेल, इंधनपंप कमजोर झाला असेल, गाळणी तुंबली असेल, इंजेक्टर चोंदला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. कोडने तक्रार सांगितली होती. कारण शोधणे माणसाकडे सोपवले होते.

४. साताऱ्याचे गॅरेज

त्याच आठवड्यात मला साताऱ्याला जावे लागले. तेथील नातेवाइकांनी एका वयस्क मिस्त्रींचे गॅरेज दाखवले. मिस्त्रींनी स्कॅनरला हात लावण्यापूर्वी मला बसायला स्टूल दिले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"ताई, थरथर कधी होते?"

"गाडी उभी असताना."

"घाटात दम लागतो का तिला?"

"नाही. खंबाटकी घाट बिनतक्रार चढली."

"मग पंपावर माझा पहिला संशय नाही. पंप कमजोर असता तर घाटात रडली असती. तिथं पेट्रोल जास्त लागतं."

एका प्रश्नाने त्यांनी एक महागडा सुटा भाग यादीत खाली ढकलला होता. मग त्यांनी हाताखालच्या मुलाला स्कॅनर जोडायला सांगितले. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असावा. कोड तोच निघाला. परंतु मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. दोष नोंदवला जातो त्या क्षणीची इंजिनाची स्थितीही संगणक साठवून ठेवतो. तो जणू त्या क्षणाचा फोटोच असतो. मुलाने तो वाचून दाखवला : वेग शून्य, इंजिनाचे तापमान ८८ अंश, फेरे मिनिटाला ७८०, पेट्रोलची वाढ २४ टक्के. माझी तोंडी तक्रार आणि यंत्राची लेखी नोंद एकमेकींशी जुळत होत्या. दोष उभ्या गाडीत, गरम इंजिनावर नोंदला गेला होता.

यानंतर त्यांनी इंजिन चालू ठेवून आकडे पाहिले. उभ्या स्थितीत संगणक २२ टक्के जादा पेट्रोल देत होता. मुलाने अॅक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर नेले, तेव्हा ही वाढ ६ टक्क्यांवर उतरली. मिस्त्री म्हणाले, "आता ही हवा चोरवाटेनं येतेय."

त्यामागील तर्क असा होता. माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर हवागाळणीला लागूनच आहे. त्याच्या पुढे कोठे भोक पडले, तर तेथून शिरणारी हवा मोजली जात नाही आणि संगणक तिच्या वाट्याचे पेट्रोल देत नाही. गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, आत मोठे शोषण निर्माण होते आणि लहान भोकातूनही हवा जोराने ओढली जाते. झडप उघडली की मुख्य वाटेने इतकी हवा येते की चोरवाटेच्या हवेचा वाटा नगण्य होतो. पंप कमजोर असता, तर चित्र उलटे दिसले असते : फेरे आणि भार वाढताना तूटही वाढत गेली असती.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावले आणि टॉर्च घेऊन रबरी नळ्या तपासल्या. क्रँककेसमधील वाफ पुन्हा इंजिनात नेणाऱ्या नळीला वळणाच्या खालच्या बाजूस बोटभर चीर गेली होती. वरून नळी धडधाकट दिसत होती. "चीर दिसली म्हणून तीच कारण, असं नाही," ते मुलाला म्हणाले. "सिद्ध कर." इंजिन पुन्हा सुरू झाले. पंख्यापासून हात दूर ठेवून मुलाने चीर आणि इंजिन यांच्यामधला नळीचा भाग दाबून धरला. थरथर थांबली. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरू लागला. त्याने हात काढताच थरथर परत आली.

नवी नळी १४० रुपयांना मिळाली. ती बसवल्यावर मिस्त्रींनी कोड पुसला, गाडी शहराबाहेर दहा-बारा किलोमीटर चालवली, परत येऊन आकडे पाहिले. वाढ ३ टक्के होती. ५,२०० रुपयांचा सेन्सर मी त्यांना दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्यानं खरं तेच सांगितलं होतं. निरोप्या बदलून निरोप बदलत नाही."

५. गाळलेला एक शब्द

काम चालू असताना तो मुलगा एका वहीत लिहीत होता. मी ती पाहायला मागितली. तो आधी लाजला, मग त्याने ती माझ्या हाती दिली. शाळा त्याने आठवीनंतर सोडली होती. अक्षर मोठे आणि सावकाश लिहिलेले होते. प्रत्येक पानावर रकाने आखले होते : तारीख, गाडी, मालकाची तक्रार, कोड, काय तपासले, काय सापडले.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका पानावर लाल रेघ होती. वडाप चालवणाऱ्या एका जीपवाल्याच्या गाडीत 'पी०३५१' हा कोड आला होता. स्कॅनरवर लिहिले होते : 'इग्निशन कॉइल ए, सर्किट'. मिस्त्री त्या दिवशी बाहेरगावी होते. मुलाने 'कॉइल' हा शब्द वाचला आणि नवी कॉइल आणवून बसवली. दुसऱ्या दिवशी गाडी वाटेतच रखडली. शेवटी कळले, कॉइल चांगलीच होती. तिच्याकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून तुटत आली होती. जीपवाल्याचे दोन दिवसांचे भाडे बुडाले आणि नको असलेल्या कॉइलची किंमत वर पडली. ती किंमत मिस्त्रींनी परत केली. बुडालेले भाडे कोणी परत करू शकत नव्हते.

"मी 'सर्किट' वाचलंच नाही, बाई," मुलगा म्हणाला. मी शिक्षिका आहे हे एव्हाना त्याला कळले होते. 'काय सापडले' या रकान्यात त्याने लिहिले होते : 'शब्द पूर्ण वाचला नाही.' ते वाक्य त्याने खोडले नव्हते.

'सर्किट' म्हणजे परिपथ. त्यात सुटा भाग येतो, तशी त्याची वायर, जोडणीचा प्लग आणि तिथली गंजलेली पिनही येते. अशीच फसगत 'हाय' या शब्दाने होते. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरबाबत 'पी०११३' हा कोड येतो आणि त्यापुढे 'हाय' असे लिहिलेले असते. हवा फार तापली आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात सेन्सरच्या वायरवरील व्होल्टेज वाढलेले असते. बहुधा वायर सुटलेली असते आणि संगणकाला हवा उणे ४० अंशांच्या आसपास थंड असल्याचा भास होतो. एक शब्द गाळला किंवा त्याचा अर्थ गृहीत धरला, तर वाचन नेमके उलटे होते.

पाठगत प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा :
(i) 'पी' हे अक्षर ______ व गिअरबॉक्स यांचे निदर्शक आहे.
(ii) दोष नोंदला गेला, तेव्हा गाडीचा वेग ______ होता.
(आ) 'घाटात दम लागतो का?' या प्रश्नामुळे कोणत्या भागावरचा संशय कमी झाला? का?
(इ) नळीला चीर दिसल्यावरही मिस्त्रींनी 'सिद्ध कर' असे का म्हटले?

६. कामाची रीत

त्या दुपारी मी जे पाहिले, ते पायऱ्यांनी मांडले तर असे मांडता येईल.

• पहिली पायरी ऐकण्याची. बिघाड केव्हा होतो, केव्हा होत नाही, हे गाडी चालवणाऱ्याला विचारावे. 'केव्हा होत नाही' याचे उत्तर पुष्कळदा अधिक मोलाचे असते.
• दुसरी पायरी नोंदीची. सर्व कोड आणि त्यांच्यासोबत साठवलेली स्थिती लिहून घ्यावी. कोड पुसला की ही स्थितीही पुसली जाते. पुरावा आपल्याच हाताने नाहीसा करू नये.
• तिसरी पायरी साध्या गोष्टींची. बॅटरी, फ्यूज, वायरी, जोडण्या, नळ्या आधी पाहाव्यात. बंद इंजिनावर चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते. बॅटरी कमजोर असेल, तर एकाच वेळी अनेक खोटे कोड येऊ शकतात.
• चौथी पायरी कसोटीची. भाग बदलण्याआधी संशय तपासावा. 'पी०३०१' आला, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावून पाहता येते. आता 'पी०३०२' आला, तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइल दोषी. 'पी०३०१' कायम राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायर आणि सिलिंडरचा दाब यांकडे वळावे.
• पाचवी पायरी पडताळणीची. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. तो तर कोड पुसल्यानेही विझतो. गाडीच्या काही अंतर्गत तपासण्या पूर्ण व्हायला अनेक फेऱ्या लागतात. म्हणून काही दिवसांनी गाडी पुन्हा तपासावी.

दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र तो लुकलुकत असेल, तर ज्वलन गंभीररीत्या चुकत असते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग जायबंदी होतो. अशा वेळी वेग लगेच कमी करून सुरक्षित जागी थांबावे. तेलाच्या दाबाचा अथवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी थांबवून इंजिन बंदच केले पाहिजे. तपासणी करताना गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढून, उघड्या हवेत उभी असावी. बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो.

साताऱ्याहून निघताना मी त्या मुलाला विचारले, "आज माझ्या गाडीच्या पानावर काय लिहिलेस?" त्याने वही उघडून वाचून दाखवले : "सेन्सर चांगला होता. नळी फाटली होती. आधी विचारले, मग पाहिले, मग बदलले."

शब्दार्थ

ताडणे – अंदाजाने ओळखणे
निरखणे – बारकाईने पाहणे
धुरके – धूर व वायू यांचे हवेत साचलेले दाट पटल
परिपथ – विजेचा पूर्ण मार्ग, सर्किट
निरोप्या – निरोप पोहोचवणारा
वडाप – ठरावीक मार्गावरील खाजगी प्रवासी वाहतूक
जायबंदी – निकामी, जखमी

भाषाभ्यास

क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा हेतू कळतो. त्याला क्रियापदाचा 'अर्थ' म्हणतात. पाठातील विषयाशी निगडित ही वाक्ये पाहा.

• दिवा लागला आहे. – केवळ घडलेली गोष्ट सांगितली आहे. हा स्वार्थ.
• नळी फाटली असावी. – शक्यता व्यक्त केली आहे. हा विध्यर्थ. कर्तव्य, इच्छा आणि योग्यताही विध्यर्थाने व्यक्त होतात. उदा. 'कोड लिहून घ्यावा.'
• पंप कमजोर असता, तर गाडी घाटात रडली असती. – एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत आहे. हा संकेतार्थ.
• आधी नोंद करा. – आज्ञा आहे. हा आज्ञार्थ.

पुण्यातील कारागीर म्हणाला, 'सेन्सर गेलाय.' तो 'सेन्सर गेला असावा' असे म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला असता : हे तपासायचे कसे? ज्याची खात्री नाही ते स्वार्थात सांगू नये, ही भाषेची शिस्त आहे आणि कामाचीही. कसोटी ठरवताना संकेतार्थ मदतीला येतो आणि कसोटी पूर्ण झाल्यावरच 'नळी फाटली होती' असे स्वार्थातील विधान करण्याचा अधिकार मिळतो.

तुम्ही काय शिकलात

• दोषसंकेत तक्रार सांगतो, कारण सांगत नाही.
• चालकाचे बोलणे, साठवलेली स्थिती आणि चालू आकडे यांचा मेळ घातला की संशयाची यादी लहान होते.
• भाग बदलण्यापूर्वी संशय सिद्ध करावा. दुरुस्तीनंतर ती पडताळून पाहावी.
• तांत्रिक मजकुरातील प्रत्येक शब्द वाचणे आवश्यक असते.
• प्रामाणिक नोंद हा कारागिराचा ठेवा होय. त्यात स्वतःची चूकही लिहावी.

पाठान्त प्रश्न

१. 'निरोप्या बदलून निरोप बदलत नाही' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मुलाने लाल रेघ असलेल्या पानावरील वाक्य खोडले नाही. यावरून त्याच्या स्वभावाविषयी काय कळते? सात-आठ ओळींत लिहा.
३. गाडीच्या संगणकाने साठवलेल्या स्थितीचा मिस्त्रींना कसा उपयोग झाला?
४. तुमच्या घरातील अथवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूची नोंद पुढील मुद्द्यांच्या आधारे तयार करा : तक्रार, केव्हा होते, केव्हा होत नाही, काय तपासले, काय सापडले.
५. पुढील वाक्यांतील क्रियापदाचा अर्थ ओळखा : (अ) वायर तुटली असावी. (आ) इंजिन बंद कर. (इ) कॉइल खराब असती, तर दोष तिच्याबरोबर गेला असता. (ई) मिस्त्रींनी नवी नळी बसवली.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (ii) धुरावर लक्ष ठेवण्यासाठी. (आ) उभ्या गाडीची थरथर कायम होती. (इ) कंपन्यांच्या वर्कशॉपबाहेरील लहान गॅरेजांची.
२. (अ) (i) इंजिन (ii) शून्य. (आ) इंधनपंपावरचा. चढावर अधिक पेट्रोल लागते. पंप कमजोर असता, तर तेथे गाडी कमी पडली असती. (इ) दोष दिसणे आणि तोच तक्रारीचे कारण असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून.